कान्यीची डावी बाजू

टिनीकोनं इंजिन बंद केलं आणि उघडी जीप उतारावरून तशीच घरंगळू दिली. फांदीवर पसरलेल्या बिबट्याच्या मादीची डावी बाजू समोर आली, तेव्हाच तिनं ब्रेक दाबला.

बॉनेटला जोडलेल्या खुर्चीत माग काढणारा म्हातारा मकाचानी बसला होता. मागे न बघता तो त्यांच्या शांगान भाषेत म्हणाला,

"लग्नात मुलीच्या बापाला द्यायच्या गाईचा फुटका डोळा कुंपणाकडे करतात, तशी लावलीस."

"मामा, गप्प बसा. मला हसू येईल."

"तुला हसू येईल आणि मॅनेजरला रडू."

मागच्या सीटवर मिसेस एलवुड होत्या. गुडघ्यांवर ब्लँकेट, मांडीत गरम पाण्याची पिशवी. दरवर्षी त्या इंग्लंडहून नवऱ्याबरोबर एकाच मादीला, कान्यीला, बघायला येत. यंदा नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून एकट्या आल्या. या सफारी कॅम्पवर एका रात्रीचे जे पैसे पडतात, त्यात टिनीकोच्या गावात मटणासकट लग्न उरकतं. तेव्हा निघण्याआधी बाईंनी 'कान्यी आहे ना?' असं विचारून घेतलं, यात वावगं काही नव्हतं. ऑफिसनं 'ठणठणीत आहे' म्हणून कळवून टाकलं. कान्यीला हिवाळ्याच्या तोंडीच सिंहांनी मारलं होतं; पण ऑफिसातल्या माणसांना जंगलात कोण जिवंत आहे हे विचारायची सवय नव्हती.

मग मॅनेजरनं टिनीकोला बोलावून तोड सांगितली. कान्यीची मुलगी दाखवायची, नाव आईचं सांगायचं. बाई पुढच्या वर्षीही यायला हव्यात. गाइडची जागा टिनीकोला याच मोसमात मिळाली होती, आणि अजून कच्ची होती. त्याआधी ती स्वयंपाकघरात कांदे चिरायची.

बिबट्या ओळखतात तो मिशांच्या वरच्या ठिपक्यांवरून. कान्यीला दोन्हीकडे तीन-तीन होते. मुलीला डावीकडे तीन, उजवीकडे मात्र एकच.

"किती तरुण दिसतेय," बाई दुर्बीण डोळ्यांना लावून म्हणाल्या.

"यंदा शिकार चांगली मिळाली, मॅडम."

"असं? आम्हा बायकांना नुसतं खाऊन हे जमत नाही."

मकाचानीच्या खांद्यांना बारीक हिसका बसला. खोकला असावा.

मादीनं जांभई दिली, पाय बदलले आणि मान वळवली. तिची उजवी बाजू थेट जीपसमोर आली. टिनीकोचा हात किल्लीकडे गेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

दुर्बीण बराच वेळ हलली नाही. मग त्यांनी ती खाली घेतली आणि स्वच्छच असलेल्या काचा रुमालानं पुसल्या.

"कधी गेली?"

टिनीकोनं मकाचानीच्या पाठीकडे पाहिलं. पाठीनं काही मदत केली नाही.

"हिवाळ्याच्या सुरुवातीला. सिंहांनी मारलं. ही तिची मुलगी." तिनं स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "तुम्ही आलात तेव्हाच सांगायला हवं होतं मी, मॅडम."

"सांगू नकोस म्हणून सांगितलं असेल तुला."

टिनीकोनं मान डोलावली.

"मग मला कळलंय हे तूही कुणाला सांगू नकोस."

बाईंनी पर्समधून फोन काढला. तो उघडताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

"जेफ्री अंथरुणावरून रोज सकाळी विचारतो, ती दिसली का. बाकी त्याला आता फारसं आठवत नाही. माझं नावसुद्धा कधी कधी राहून जातं." त्यांनी फोन पुढे केला. "माझा हात थरथरतो. तूच फोटो काढ."

टिनीकोनं फोन घेऊन वर धरला. मादी त्याच बाजूनं निवांत पडून होती.

"इकडून नको," बाई म्हणाल्या. "ठिपके तो अजून मोजतो."

टिनीकोनं फोन मांडीवर ठेवला, जीप चालू केली आणि अगदी सावकाश झाडाला वळसा घालू लागली. पुढच्या खुर्चीत मकाचानीनं हात वर केला. अजून थोडी, अजून थोडी. मग मादीची डावी बाजू समोर आली, तशी त्यानं मूठ मिटली.