पुसली गेलेली चार मिनिटं

मित्रांनो, मी आखाडा बाळापूरच्या जळबांच्या घरातली एक जुनी कॅसेट आहे. माझ्यात एकही गाणं नाही. चाळीस वादकांनी मिळून पैठण नगरीवर वाजवलेल्या चार रचना माझ्यात भरल्या होत्या: गोदेचा घाट, विणकरांची आळी, बाजार आणि ओसाड वेस.

जळबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. मोहनसिंग नावाच्या संगीतकारांनी त्यांना एका वरातीत ऐकलं आणि ध्वनिमुद्रणासाठी औरंगाबादला बोलावून घेतलं. 'ओसाड वेस' या रचनेत बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि चार मिनिटं एकटे जळबा वाजवतात. ते वाजवून झालं तेव्हा व्हायोलिनवाले उठून उभे राहिले होते. नंतर प्रत्येक वादकाला एकेक कॅसेट मिळाली. जळबांच्या वाट्याला मी आले.

गावात मला ऐकून लोक विचारायचे, यात गाणं कधी सुरू होतं? जळबा नुसते हसायचे. पुढे डीजे आला, बँड मोडला आणि मी कपाटावर धूळ खात पडले.

त्यांचा मुलगा रत्नपाल यानं हळद शिजवायचं यंत्र घेतलं. गावोगाव पुकारा करायला त्याला कॅसेट हवी होती. भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून माझ्या पाठीवर एक खाच असते; तीत कागद कोंबून, फीत जिथं थांबली होती तिथूनच त्यानं माझ्यावर स्वतःचा आवाज भरला. तो बोलत गेला, तसतसं जुनं पुसत गेलं. मला त्याला थांबवता आलं नाही.

गेल्या वर्षी जळबांचं उजवं अंग लुळं पडलं. "एकदा ती वेस ऐकायची आहे," असं ते नातीला, ऐश्वर्याला म्हणाले. तिनं हिंगोलीत शोधून चालू टेपरेकॉर्डर आणला. सगळे बाजेभोवती बसले. घाट झाला, आळी झाली, बाजार झाला. जळबांनी डोळे मिटले. वेशीवर वाद्यं एकेक करून थांबली आणि रत्नपालचा तरुण आवाज आला, "हळद शिजवून मिळेल!"

ऐश्वर्यानं बटण दाबून मला थांबवलं.

"बा, मला वाटलं, ह्यात गाणं न्हाई, तर काही कामाची न्हाई," रत्नपाल खाली मान घालून म्हणाला.

जळबा म्हणाले, "ऐकून तरी पाहायचं होतं, लेकरा."

रत्नपाल जुन्या वादकांच्या घरी नांदेडपर्यंत हिंडला. मोहनसिंग वारले होते. मूळ फीत कुठं गेली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणाची कॅसेट भंगारात गेली होती, कोणाची बुरशीनं खाल्ली होती. तो रिकाम्या हातानं परत आला. मग रोज संध्याकाळी तो स्वतः मला लावायचा, बटणावर अंगठा ठेवून बसायचा आणि आपला आवाज येण्याआधी मला बंद करायचा. श्रावणात जळबा गेले. त्यानंतर मला कोणी लावलेलं नाही.

मित्रांनो, ती चार मिनिटं आता कुठंच नाहीत. घरातलं जुनं काही पुसायच्या आधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि तेवढा वेळ नसेल, तर निदान विचारा. तो आवाज ज्याचा असतो, तो माणूस पुष्कळदा शेजारच्याच खोलीत बसलेला असतो.