रिकामा गोल

लातूरच्या क्लासेसच्या भागातल्या फ्लेक्सच्या दुकानात नाझनीन बारा वर्षं टॉपरांचे चेहरे गोलात बसवत आली होती. गोल कापायचा, पिवळी कड द्यायची, खाली गुण टाकायचे. संध्याकाळपर्यंत एकही नाव तिच्या लक्षात राहत नसे.

एक गोल मात्र तिनं रिकामा ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर घेऊन, कॉम्प्युटरवर कोरल या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये ती दोन वर्षं एकच चित्र करत होती. काळा उभा आयत म्हणजे किल्लारीकडच्या त्यांच्या घराची चौकट. भूकंपात तेवढीच उभी राहिली. कलंडलेले करडे चौकोन म्हणजे भिंतींचे दगड. त्यांच्यात हिरवा त्रिकोण, ढिगाऱ्यातून दिसलेलं ओढणीचं टोक. आणि मधोमध गोल. तो म्हणजे तूबा, त्याच ढिगाऱ्यात गेलेली सहा वर्षांची धाकटी बहीण. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. नाझनीननं आठवून आठवून चेहरा काढून पाहिला, पण दर वेळी फ्लेक्सवरचीच कुणीतरी पोरगी निघायची. मग रिकामाच बरा.

तेवीस वर्षांत अम्मीनं तूबाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या तारखेला, हे चित्र पाहून तरी काढेल, एवढीच नाझनीनची आशा.

निकाल लागला त्या दिवशी ती अम्मीला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. इकडे फ्लेक्स आजच पाहिजे म्हणून क्लासवाले सर दुकानमालक शिवलिंगअप्पांच्या डोक्यावर येऊन बसले. अप्पांनी तिचा कॉम्प्युटर धुंडाळला, चित्र सापडलं. या धंद्यात रिकाम्या गोलाचा अर्थ एकच. त्यांनी त्यात दामिनी नावाची टॉपर बसवली. दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटांचा फ्लेक्स झळकला.

“अप्पा, ते माझं होतं.”

“तुझंच की. सर लई खूश हायत. गोल मोकळा ठेवला होतास म्हणून बरं, लगेच झालं बघ.”

फाइलीचं नाव ‘तूबा’. आठवडाभरात दुसरे क्लासवालेही फोन करून तूबा डिझाइन मागायला लागले. अकरा ऑर्डरी आल्या. अकराही चेहरे नाझनीननंच बसवले, नोकरी होती.

तीस सप्टेंबरला तिनं गोल पुन्हा रिकामा करून एक प्रत फ्लेक्सवर छापली, घरी आणून अम्मीच्या बाजेवर पसरली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं अम्मीनं नीट न्याहाळलं. चौकटीवरून बोट फिरलं, त्रिकोणावरून फिरलं, गोलावर थांबलं.

“हे चौकातलं हाय ना?” अम्मी खूश होऊन म्हणाली. “त्या डॉक्टर होणाऱ्या पोरीचं. फोटो लावायचा राहिला वाटतं.”

“हाव अम्मी. राहिला.”

अम्मीनं कापड चिमटीत धरून पाहिलं. पक्कं हाय म्हणाली, पत्रा गळतो तिथं टाकायला होईल.

नाझनीन शिडी लावून वर चढली. चित्राची बाजू खाली केली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.