चेंगदूची म्हातारी

माधवीनं भाकरीचा मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला आणि ती उठली. आता गप्प बसावं, असं तिच्या आजोबांना, दत्तोबांना, वाटलं; पण तोंड चालूच राहिलं.

“तुज्या वयाचा व्हतो, तवा दोन पोरं व्हती मला, अन् हिरीचं काम उरकलं व्हतं. तू काय केलंस? दार लावून लोळतीस.”

माधवी चीनमधल्या चेंगदूहून डॉक्टरी शिकून लासुर्ण्याला परतली, त्याला दोन वर्षं झाली होती. इथं दवाखाना चालवायला लागणारी परीक्षा थोड्या गुणांनी दोनदा गेली होती. या पिढीला कष्ट सोसत नाहीत, असं तिचा बाप युवराज येईल त्याला सांगायचा. दत्तोबांनी तोच सूर धरला होता. गेल्या रविवारी इंदापूरच्या पाहुण्यांसमोर तर जरा चढाच.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चेंगदूला ती जिच्या घरात भाड्यानं राहायची, ती बाई होती. पडद्यावर दत्तोबांच्याच वयाची म्हातारी दिसत होती. माधवी सोप्यातच बसून चिनी बोलू लागली, भरभर, कुठंही न अडखळता. आपल्या नातीला एवढं येतं, हे दत्तोबा आज पहिल्यांदा ऐकत होते. बोलता बोलता म्हातारीनं डोळ्यांना रुमाल लावला.

“काय झालं तिला?”

माधवीनं सांगितलं. म्हातारीचा नातू शहरातली नोकरी सोडून घरी येऊन राहिला होता. तिकडं अशा पोरांना ‘आडवे पडलेले’ म्हणतात. बाप त्याला आळशी म्हणायचा, आजी लाडावलेला. रोज, जेवताना. एक दिवस पोरगा उठून गेला. वर्ष झालं, पत्ता नाही.

म्हातारीनं पुन्हा काहीतरी विचारलं. माधवीनं एकदा दत्तोबांकडं बघितलं, मग दोनच शब्द बोलली. म्हातारीचा चेहरा निवळला. दत्तोबांकडं बघत तिनं आदरानं मान लववली. दत्तोबांनीही हात जोडले.

फोन बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, “काय इचारत व्हती?”

“तुझे आजोबा तुला जेवताना टाकून बोलतात का म्हणून.”

“मग?”

“न्हाय बोलत, म्हणाले मी.”

माधवी आत गेली. दत्तोबांचे हात अजून जोडलेलेच होते. ते सोडवून कुठं ठेवावेत, हे त्यांना समजेना.