मालकाच्या जागी आकडा

नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं पुसलं, की सर्व्हरवरच्या फोल्डरांत मालक म्हणून त्याच्या नावाच्या जागी नुसता लांबलचक आकडा उरतो. असे चारशे आकडे साफ करायचं काम मॅनेजरने माझ्या गळ्यात मारलं.

"संध्याकाळपर्यंत एकही दिसता कामा नये," म्हणाला. हा माणूस 'गुड मॉर्निंग'सुद्धा हुकूम सोडल्यासारखं म्हणतो.

तेवढ्यात नकाशे काढणारी बाई समोर येऊन उभी राहिली. ऑपरेशनसाठी तीन महिने रजेवर होती. त्या काळात तिचं खातं म्हणे चुकून पुसलं गेलं. परवा तिला त्याच नावाने नवीन काढून दिलं. पण सर्व्हर नाव बघत नाही, आकडा बघतो, आणि नव्या खात्याचा आकडा नवा. तिचं स्वतःचं फोल्डर तिलाच दारात उभं करत नव्हतं.

"माझे पुलाचे नकाशे स्वतःच काढले म्हणतोय मॅनेजर," ती म्हणाली. "मी वर्षभर काहीच केलं नाही म्हणे. चार वाजता मोठ्या साहेबांसमोर मीटिंग आहे. मला काढणार आहेत."

खरं सांगतो, ही बाई माझ्या डोक्यात जाते. प्रिंटर अडला तरी माझी लेखी तक्रार करते. "बसा," म्हणालो, खुर्ची न देता.

प्रत्येक नकाशाच्या मालकाच्या जागी एकच आकडा होता, शेवट ११४७. बॅकअपमधून गेल्या वर्षीची खात्यांची यादी काढली. त्या आकड्यासमोर हिचं नाव. मग सर्व्हरच्या नोंदी बघितल्या. खातं पुसणारा मॅनेजर, रजेच्या दुसऱ्याच दिवशी. दहा मिनिटांनी त्याने स्वतःला त्या फोल्डरची परवानगी दिली होती. आणि आज पुरावा पुसायचा, तोही माझ्या हातून. माझं डोकंच फिरलं.

यादी आणि नोंदी, दोन्ही छापून ते कागद तिच्या हातात कोंबले. तिच्या नव्या खात्याला परवानगी दिली, मॅनेजरची काढली. बाकीचे आकडे साफ केले, तो एक सोडून.

चार वाजून पाच मिनिटांनी मीटिंगमधून मॅनेजरचा फोन आला.

"फोल्डर उघडत नाहीये. काय केलंस तू?"

"साफसफाई. तुम्हीच सांगितलेली."

"माझे नकाशे आहेत ते!"

"मग मालकाच्या जागी तुमचाच आकडा असेल. वाचून दाखवा साहेबांना."

फोनमध्ये त्याच्या मागून तिचा आवाज आला. हातातल्या कागदावरचा आकडा ती वाचत होती, एकेक अंक, सावकाश.