हवालदार सबूरचा चाळिसावा

"काका, उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," असं मयतीच्या घरी म्हणतात तसं म्हणून रिहामने वाचनालय सांभाळणाऱ्या बहगतशी हात मिळवला आणि ती भिंतीलगतच्या खुर्चीत जाऊन बसली. तिच्यामागून युसरी, मग बाकीची पोरं. चेहरे गंभीर. जिफ्ता गावच्या बालवाचनालयात ज्याच्यासाठी ही मंडळी जमली होती ते एक गाढव होतं, आणि पुस्तकातलं होतं.

हवालदार सबूर प्रत्येक भागात पुरावा खाऊन टाकायचा, तरी चोर पकडायचा. अक्षर दिसलं की पळणारी पोरं त्याच्यासाठी तासभर हलत नसत. वाचायचं मात्र बहगतने. शेवटचा भाग त्याने किटलीमागे लपवून ठेवला होता. मालिका संपली की पोरांचं येणं संपणार, आणि घरी बायको, इन्साफ, गेल्यापासून बोलायला फक्त रेडिओ होता. काल बिस्किटं शोधताना रिहामला तो भाग सापडला. तिने चित्रं पाहिली. रेडकू वाचवताना सबूर कालव्यात बुडतो.

"कॉफी ठेवा ना," रिहाम म्हणाली. "मयतीला देतात. बिनसाखरेची."

बहगतने ठेवली. युसरीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर?"

"मयतीला साखर मागतोय. गाढवालासुद्धा कळतं," रिहाम म्हणाली.

"कळायचं. आता वारलं ना ते."

"पण माझ्याकडे का आलात?" बहगतने विचारलं.

"मग कुणाकडे जायचं? त्याच्या घरचे तुम्हीच ना?"

इन्साफच्या वेळी भेटायला येणाऱ्यांसाठी गल्लीत मंडप घातला होता. तीन दिवस खुर्च्या पुरल्या नाहीत. पहिल्या गुरुवारी शेजारचे दोघे आले. पुढच्या गुरुवारी बहगतने किटली चढवली आणि बऱ्याच वेळाने तशीच भरलेली उतरवली.

"वाचणारा कुठाय?" युसरी म्हणाला. "मयतीच्या मंडपात कुणीतरी कुराण वाचतं."

बहगतने पहिला भाग काढला. पहिल्याच ओळीला तो चष्मा काढून पुसायला लागला. रिहामने थोडी वाट पाहिली, मग पुस्तक त्याच्या हातातून घेतलं. बोट ओळीवर ठेवलं.

"एक... गाढव... ठाण्यात... आलं... आणि... म्हणालं... मला... नोकरी... द्या."

कुणी हसलं नाही. एरवी या वाक्याला पोरं लोळायची. पानभर वाचायला तिला इतका वेळ लागला की सगळ्यांची कॉफी गार झाली.

निघताना ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी युसरी वाचेल. चाळिसाव्या दिवसापर्यंत दर गुरुवारी यायचं असतं."

"मला येत नाही वाचायला," युसरी म्हणाला.

"शीक. मयत थांबत नाही."

"आणि चाळिसाव्यानंतर?" बहगतने विचारलं.

रिहामने विचार केला. "मग एकदम वर्षाने."

पोरं गेली. युसरीने कॉफी कुंडीत ओतली होती. बहगतने कप विसळले आणि शेवटचा भाग फळीवर त्याच्या जागी लावला.

घरी त्याने रेडिओ लावला नाही. जेवणाच्या टेबलाशी असलेली इन्साफची खुर्ची उचलून भिंतीलगत ठेवली, समोर आपली ठेवली, आणि बिनसाखरेची कॉफी चढवली. गुरुवारच होता.