गुरुवारी दिलेले दोन डबे

शनिवारी साडेअकराच्या सुमाराला लोर्ना तळघराच्या पायऱ्या उतरली ती नवऱ्याला जेवायला हाक मारायला. दोनदा वरून हाक मारली होती, पण व्हर्लिनने ओ दिली नव्हती. अलीकडे तो अशी ओ द्यायचा नाही, आणि लोर्ना स्वतःची समजूत घालायची की कान गेले असतील.

तो बाकापाशी पाठमोरा बसला होता. बेचाळीस वर्षं तो याच बाकावर काडतुसं भरत आला होता. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मापाने दारू ओतायची आणि वरून शिशाची गोळी दाबून बसवायची. गावाच्या धान्यकोठारावर यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची सारी नोकरी झाली होती, त्यामुळे हाताला शिस्त होती. नेमबाजीच्या क्लबात लोक म्हणायचे, दुकानातलं काडतूस एक वेळ दगा देईल, व्हर्लिन होस्टेटरचं नाही.

त्याच्यापुढे भोकं पाडलेल्या लाकडी पाटात पन्नास पुंगळ्या तोंडं वर करून उभ्या होत्या. दारू ओतून झाली होती, गोळ्या बसवायच्या बाकी होत्या. लग्नानंतरची काही वर्षं लोर्ना त्याच्याशेजारी बसून काट्यावर दारू तोलून द्यायची. ती सवय गेली नव्हती. तिने बॅटरी उचलली आणि पुंगळ्यांमध्ये उजेड टाकत गेली.

दुसऱ्या ओळीत एक पुंगळी रिकामी होती. तळाचं पितळ चमकत होतं. चौथ्या ओळीत आणखी एक रिकामी. आणि तिच्या शेजारच्या पुंगळीत दारू इतरांपेक्षा बरीच वर आली होती. दुप्पट.

लोर्नाने उजेड तिथेच धरून ठेवला.

व्हर्लिनची लाडकी दारू म्हणजे जलद जळणारी, चिमूटभरात काम करणारी. एक डबा वर्षभर पुरायचा म्हणून तो तीच घ्यायचा. पण चिमूटभर दारू त्या उंच पुंगळीच्या तळाशी कुठेतरी पडून राहते. दोनदा ओतली तरी सांडत नाही, मावते, आणि गोळी बसवली की बाहेरून काहीच कळत नाही. हे त्यानेच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"व्हर्लिन, हे तपासलंस का तू?"

"दोनदा तपासलंय."

"मग हे बघ जरा."

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अख्खा पाट उचलून दारू परत डब्यात ओतली आणि म्हणाला की मधे कोणाचा तरी फोन आला असेल. सकाळपासून फोन वाजला नव्हता. लोर्नाने वाद घातला नाही. तिच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. गुरुवारी संध्याकाळी शेजारची ट्वायला आली होती. ही ट्वायला टपाल वाटायची. रोज दीडशे मैल गाडी हाकून झाली की संध्याकाळी यांच्या ओट्यावर येऊन कॉफी प्यायची. शनिवारच्या स्पर्धेसाठी तिने काडतुसं मागितली होती आणि व्हर्लिनने मोठ्या कौतुकाने तिला दोन डबे दिले होते.

"ट्वायलाला दिलेली कधी भरली होतीस?"

"कुठली?"

"गुरुवारी दिलीस ती."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आठवण नव्हती. आठवत नाही हे लपवायची धडपड तेवढी होती. लोर्नाला ती नजर काडतुसापेक्षा जास्त भिववून गेली.

तिने ट्वायलाला फोन लावला. वाजलाच नाही. क्लबचं मैदान टेकड्यांमधल्या कोरड्या ओढ्यात होतं, तिथे कोणाचाच फोन लागायचा नाही. पहिली फेरी बाराला सुरू व्हायची. लोर्नाने गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली. व्हर्लिन तिच्या मागोमाग येऊन गाडीत बसला. येऊ नकोस असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने गिळलं.

मैदानापर्यंतच्या एकोणीस मैलांपैकी बारा कच्च्या रस्त्याचे. लोर्ना एरवी बेताने चालवायची. आज खडी उडून काचेवर बसत होती तरी ती वेग कमी करत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे ट्वायलाचे हात येत होते, पत्रं चाळून बोटांची टोकं काळवंडलेली. एकदा, खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावच्या एका माणसाचं रिव्हॉल्व्हर दुप्पट दारूने फुटलेलं तिने पाहिलं होतं. वरची पट्टी उखडून मागे वळली होती. त्या माणसाचा अंगठा नंतर लोकांनी गवतात शोधला होता.

दुप्पट दारूचं भय होतंच. पण रिकाम्या काडतुसाचं भय वेगळं आणि जास्त कपटी. दारू नसली तरी टोपी उडते, आणि तिच्या जोरावर गोळी नळीत शिरून मधेच अडकते. आवाज होतो तो फुसका. माणसाला वाटतं काडतूस खराब होतं, आणि तो पुन्हा चाप ओढतो. मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळते आणि नळी फाटते.

व्हर्लिन गुडघ्यांवर हात ठेवून समोर पाहत होता. लाकडी पूल ओलांडल्यावर हळूच म्हणाला, "मार्चपासून होतंय असं. मला वाटलं, चष्मा बदलावा लागेल."

लोर्नाला रस्ता धूसर दिसायला लागला म्हणून तिने डोळे पुसले.

फाटकावर लाल निशाण वर होतं. म्हणजे गोळीबार सुरू होता. गाडीतून उतरताना तिने बार ऐकले, एकामागून एक, कोरडे आणि एकसारखे. सहाजण रांगेत उभे होते. डावीकडून दुसरी ट्वायला, पिवळ्या टोपीत, कानांवर जाड कवच चढवलेलं. तिच्यापुढच्या टेबलावर व्हर्लिनचा डबा उघडा होता आणि त्यातल्या दोन ओळी संपलेल्या होत्या.

लोर्ना धावायला लागली. तिने ट्वायलाच्या नावाने हाक मारली, पण कवचातून काय ऐकू येणार. तेवढ्यात दोन बारांच्या मधे तिला तो आवाज ऐकू आला. बाटलीचं बूच निघावं तसा. ट्वायलाने रिव्हॉल्व्हरकडे किंचित मान तिरकी करून पाहिलं, खांदे उडवले, आणि अंगठ्याने घोडा पुन्हा मागे ओढला.

त्याच वेळी भोंगा वाजला. लांब, कर्कश. थांबायचाच नाही असा.

भोंग्याचं बटण पंचांच्या खोपटाच्या भिंतीवर होतं आणि त्यावर व्हर्लिनचा तळवा दाबलेला होता. लोर्ना रांगेकडे धावली तेव्हा तो सरळ तिकडे गेला होता. वीस वर्षं तो या मैदानाचा पंच होता. सकाळी काय केलं ते त्याला आठवत नव्हतं, पण गोळीबार कसा थांबवायचा ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. रांगेतल्या सहाही जणांनी हत्यारं खाली ठेवली. ट्वायलानेही घोडा जपून उतरवला, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि मागे सरकली.

नळीत पितळी गज घातला तर तो निम्म्यावरच थांबला. गोळी तिथे रुतून बसली होती. पुढचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात नळीसमोर येऊन उभं होतं.

ट्वायला बाकावर बसली ती पाचेक मिनिटं उठली नाही. मग व्हर्लिन तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "क्लबातल्या सगळ्यांना सांग, माझी काडतुसं कोणी वापरायची नाहीत. माझ्यासमोर सांग."

"अहो, एखादं होतं असं कधी."

"एखादं नाही. मला ठाऊक नाही किती आहेत. तेच तर सांगतोय."

त्या आठवड्यात त्यांनी घराघरांतून त्याने दिलेली काडतुसं परत आणली. वजन करून खरंखोटं कळणार नव्हतं, कारण एका पुंगळीत नि दुसरीत त्या चिमटीहून जास्त फरक असतो. तेव्हा एकेक फोडावं लागलं. पोकळ डोक्याच्या हातोडीत काडतूस अडकवायचं, ठोकायचं, गोळी निखळली की दारू वाटीत पडते. व्हर्लिन ठोकायचा, लोर्ना तोलायची आणि ट्वायला लिहून घ्यायची. तीनशे चाळीसपैकी नऊ रिकामी निघाली. चार दुप्पट. त्यातलं एक ट्वायलाच्याच डब्यातलं होतं, तिसऱ्या ओळीत पहिलं. व्हर्लिनने ते आकडे पाहिले आणि हातोडी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून डॉक्टरकडे चल म्हणाला. डॉक्टरने जे सांगितलं ते दोघांनाही ऐकायच्या आधीच कळलं होतं.

हिवाळाभर बाक झाकलेला राहिला. एप्रिलमध्ये ट्वायला म्हणाली की लोर्ना, तुम्ही भरा, मी तुमची वापरीन. लोर्नाला रात्रभर झोप लागली नाही. तरी सकाळी तिने काडतुसांच्या मापांचं पुस्तक काढलं आणि व्हर्लिनला शेजारी बसवलं. कुठली दारू घ्यायची यावर तो त्या दिवशी अगदी लख्ख बोलला. जलद जळणारी नको, फुगीर घे, पुंगळी अर्ध्याहून वर भरणारी. खर्च जास्त येईल. पण चुकून दुसऱ्यांदा ओतलीस तर बाकावर सांडेल. बाकावर दारूचा एकच डबा ठेव. पुस्तकातला सगळ्यात खालचा आकडा घे, दहाच भर, आणि पुंगळ्यांवर दाबाने ताणल्याची खूण दिसत नाही ना ते पाहून मगच माप वाढव. तिने तसंच केलं. प्रत्येक माप काट्यावर तोललं, बॅटरीने तीनदा पाहिलं.

ट्वायलाला तिने पहिला बार मारू दिला नाही. मैदानावर दुसरं कोणी नसताना ती स्वतः उभी राहिली. व्हर्लिन दहा पावलं मागे होता.

"लोर्ना," त्याने विचारलं, "ही कोणी भरली?"

तिने मागे पाहिलं. तो खरोखरच विचारत होता.

"मी भरलीत. तू शेजारी बसला होतास."

"बरोबर भरलीस ना?"

"हो."

त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरची भीती गेली नाही. कोणाचा हात होता आणि कोणाचा नव्हता, हे त्याला नक्की ठरवता येत नव्हतं. लोर्ना पुढे वळली. श्वास सोडला आणि चाप ओढला. बार नीट गेला, कागदाला भोक पडलं. तिने चक्र उघडून पुंगळी पाहिली, नळीत गज घालून पाहिला, आरपार गेला. मग दुसरं काडतूस घातलं. तिला अजून नऊ मारायची होती आणि प्रत्येकानंतर गज आरपार घालून पाहायचा होता.