बुंदीला आग शिवेना

बुंदीला आग शिवेना. भट्टीच्या तोंडातून ज्वाळा बाहेर यायची, तिच्या पायांशी हुंगत फिरायची आणि लांब जाऊन पुढच्या पायांवर मान टाकून बसायची. लोखंडी ट्रॉलीवर बुंदी शांत पडली होती. तपकिरी ठिपक्यांची, एक कान अर्धा, जन्मभर हेमलताबाईंच्या घरात मालकिणीच्या तोऱ्यात वावरलेली कुत्री.

पाळीव जनावरांचं दहन करून देणारी ही जागा मिरजेबाहेर द्राक्षबागांमध्ये होती. नाव ‘विसावा’. सगळा कारभार मायेचा. दारात मोगरा, आत मंद तंबोरा, आणि तिथं सगळं बघणारी रेश्मा बागवान इतकी हळू बोलायची, की कोरड्या डोळ्यांनी आलेल्या माणसालाही रडू फुटावं.

“होतं असं,” रेश्मा म्हणाली. “काहीतरी मागं राहिलं असेल तिचं.”

“म्हणजे कावळ्यासारखंच की!” दिगंबर भावोजी पुढे सरसावले. हे हेमलताबाईंचे धाकटे दीर. कुणाच्याही दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना झाला, की मेलेल्या माणसाला आश्वासनं द्यायचा मान यांचा. पोरीच्या लग्नाची, पडक्या घराच्या दुरुस्तीची, बोलावं तेवढं थोडं. निभवायची वेळ दुसऱ्यांवर यायची. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले.

“बुंदे, तुझ्या वाटणीचं पोस्टमनवर मी भुंकीन बघ. निर्धास्त जा.”

आग जागची हलली नाही. भावोजी मात्र दोनदा भुंकले, दचकून त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि तिसऱ्यांदा भुंकत ते अंगणात निघून गेले.

“इथं दिलेला शब्द लगेच लागू होतो,” रेश्मा म्हणाली. “मागं एका पोपटाचं असंच झालं. मालक अजून आंब्यावर आहेत. जेवण वर पोचवतो आम्ही.”

हेमलताबाईंना हसू आलं आणि हसताहसताच रडू आलं. तेवढ्यात समोरची भिंत हातभर जवळ आली. कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. रेश्मानं फक्त खुर्ची आत ओढून घेतली.

“तुझी गोधडी मी कुणाला देणार नाही गं,” हेमलताबाई म्हणाल्या. गोधडी त्यांच्या खांद्यावर येऊन पडली, केसांसकट. आग तशीच बसलेली. भिंत आणखी जवळ आली.

“उन्हाच्या तुकड्यात तुझ्या जागी मी लोळेन.” त्यांची पाठ कोमट झाली. छत खाली आलं. आता रेश्माला खिडकीबाहेर उभं राहून बोलावं लागत होतं.

“काकू, ते नाही. दुसरं काहीतरी आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे. लवकर बोला. खोलीत माणूस मावेनासा झाला, की भट्टी विझते. मग ती राहते अशीच, ना इकडची ना तिकडची.”

हेमलताबाईंना ठाऊक होतं. त्यांचे यजमान गुरुनाथराव दवाखान्यात निघाले ते स्वतःच्या पायांनी, इस्त्रीचा सदरा घालून, तोंडात लवंगेचा विडा, बुंदीच्या डोक्यावर थोपटून, “आलोच” म्हणून. दवाखान्यातून त्यांना परस्पर स्मशानात नेलं. घरी आणून दारात ठेवायला हवं होतं. पण भावोजी म्हणाले, उशीर नको, आणि हेमलताबाईंनी मान हलवली. गावाला कळलं, गोडाचं जेवणही झालं. बुंदीला कुणी सांगितलंच नाही. रोज दिवेलागणीला ती उंबऱ्यात बसायची, फाटकाकडे तोंड करून. हेमलताबाईंनी तिला एकदाही उठवलं नाही. घरात कुणीतरी गुरुनाथरावांची वाट बघतंय, याचं त्यांना फार बरं वाटायचं. खरं म्हणजे त्यावरच त्यांचे दिवस निघत होते.

“ते गेले म्हणून सांगा तिला,” रेश्मा खिडकीतून म्हणाली. “सुटेल बिचारी.”

भिंती दोन्ही खांद्यांना लागल्या. आगीनं मान वर केली.

“बुंदे, ते...” हेमलताबाईंनी वाक्य तिथंच सोडलं. पुढचा शब्द उच्चारला, की गुरुनाथराव बुंदीपुरतेही गेले असते. मग त्यांना जिवंत धरून चालणारं जगात कुणीच उरलं नसतं. एवढं मोठं मरण एकटीनं पुन्हा कोण उरकणार?

“तू ऊठ, बाळा,” त्या म्हणाल्या. “आता मी बसते.”

आग उठली. तिनं आळस दिला, ट्रॉलीवर चढली आणि बुंदीला कुशीत घेतलं. थोड्या वेळानं रेश्मानं लाल फडकं बांधलेलं लहानसं मडकं त्यांच्यापुढे ठेवलं. हेमलताबाईंना ते घेता आलं नाही, कारण दोन्ही हात पुढे टेकून त्या बसल्या होत्या. खोलीचा नुसता उंबरा उरला होता.

अंगणातून भावोजी भुंकले. हेमलताबाईंना शब्द न् शब्द कळला. वहिनी, घरी चला, अंधार पडतोय, असं ते म्हणत होते.

“तुम्ही व्हा पुढं, भावोजी.”

रेश्मानं पडवीतला दिवा लावला. रस्ता लांबपर्यंत रिकामा होता. मग वारा फिरला. विड्यातल्या लवंगेचा वास आला, पाठोपाठ इस्त्रीच्या सदऱ्याचा, आणि अजून एकही पाऊल वाजलं नव्हतं, तरी हेमलताबाईंचे कान उभे राहिले.